शिकलगारांची सहाण आणि शाहूंची गिरणी

कोल्हापूरच्या इतिहासात मुसलमानांचा विषय निघाला की पहिले नाव येते ते उस्ताद अल्लादियाखाँ साहेबांचे. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना आपल्या दरबारात आणले आणि जयपूर घराण्याचे गाणे करवीरच्या मातीत रुजले. हा अभिमान आम्हालाही आहे. पण अभिमान बाळगताना एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटते. दरबारात गाणारे खाँसाहेब एकच होते. त्याच वेळी तलवारीला धार लावणारा शिकलगार, कापूस पिंजणारा पिंजारी, माग चालवणारा मोमीन, बांगड्या विकणारा मणियार, भांड्यांना कल्हई लावणारा कल्हईवाला असे शेकडो हात या मुलखात राबत होते. गाणाऱ्याचे नाव इतिहासाने जपले. राबणाऱ्यांचे काय झाले, हे विचारायचे आम्हीच विसरलो.

आज हा प्रश्न नव्याने विचारण्याचे कारण आहे. देशी कारखानदारीत पुन्हा प्राण फुंकायचा, प्रत्येक जिल्ह्याच्या हुन्नराला बाजार मिळवून द्यायचा, सरकार, उद्योजक आणि कारागीर यांनी मिळून प्रादेशिक भागीदारी उभी करायची, आणि ही भागीदारी सर्वसमावेशक असायची, अशी सरकारी धोरणांची भाषा आहे. २०१४ च्या सप्टेंबरात ‘मेक इन इंडिया’ची घोषणा झाल्यापासून ती आपण सतत ऐकतो आहोत. भाषा चांगली आहे. पण भागीदारी म्हटली की दोन प्रश्न आलेच. सतरंजीवर कोणाकोणाला बसवले? आणि बसवले त्यांच्या पदरात काय पडले? कोल्हापुरात हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. त्याचे यश आणि त्याचे अपुरेपण, दोन्ही आज उपयोगी पडावे असे आहे.

सुरुवात शिकलगारापासूनच करू. ‘सैकल’ म्हणजे धातूला झिलई देणे, धार आणणे. त्यावरून सैकलगर आणि मराठी तोंडात शिकलगार. मराठ्यांच्या फौजांत हिंदू-मुसलमान दोघेही लढले, पण दोघांच्याही तलवारी ज्याच्या सहाणेवर जात तो शिकलगार बहुधा मुसलमान. एकोणिसाव्या शतकात त्याचे दिवस फिरले. १८५७ च्या जुलैअखेरीस कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने बंड केले, ते मोडले गेले आणि त्यानंतर लोकांकडची हत्यारे काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. १८७८ मध्ये ब्रिटिश मुलखात हत्यारबंदीचा कायदा आला. संस्थानांच्या फौजा शोभेपुरत्या उरल्या. ज्या हाताला पिढ्यान् पिढ्या फक्त पोलादाची भाषा कळत होती, त्याने आता खायचे काय?

याचे एक उत्तर कोल्हापुरापासून पन्नास किलोमीटरवर, मिरजेत मिळाले होते. तिथले फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ हे शिकलगारच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, हे घराणे तंतुवाद्यांकडे वळले. भोपळा, लाकूड आणि तार यांतून तंबोरा आणि सतार उभी राहू लागली. शिकलगार आडनावाची माणसे ‘सतारमेकर’ झाली. मिरजेचा तंबोरा पुढे हिंदुस्थानभर गेला. त्याच्या जवारीवर मोठमोठे गवई विसंबून राहिले. तलवार घडवणाऱ्या जमातीने सूर घडवला, हे वाक्य भाषणात टाळ्या घेते. आम्हाला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. हे आपोआप झाले नाही. कारागिराकडे कसब होते, संस्थानिकाकडे गरज आणि पैसा होता, गावात गवयांची ये-जा होती. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा जुना हुन्नर मरता मरता नव्या रूपात जगला. देशी उद्योगाला नवजीवन देणे म्हणतात ते हेच. त्याला तेव्हा कोणी धोरण म्हटले नव्हते, इतकेच.

हेच काम जाणीवपूर्वक, संस्थानाच्या पातळीवर केले ते राजर्षी शाहू महाराजांनी. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा ते विशीत नव्हते. रेल्वे त्यांच्या आधीच आली होती. कोल्हापूर-मिरज मार्गाची पहिली कुदळ १८८८ मध्ये याच बालराजाच्या हातून पडली आणि १८९१ मध्ये गाडी धावली. रेल्वेचे दोन तोंडांचे स्वरूप महाराजांनी लवकर ओळखले. गाडी बाहेर माल नेते तसा बाहेरचा मालही आत आणते. आपल्याकडे न्यायला काही नसेल तर रेल्वे फक्त मँचेस्टरचे कापड उतरवणार. म्हणून कारभार हाती आल्यावर वर्षभरात, १८९५ मध्ये, त्यांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती दिल्या. कोल्हापूरचा गूळ तिथून देशभर जाऊ लागला. १९०६ मध्ये ‘शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल’ची कोनशिला बसली. त्यानंतर लवकरच भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. ते पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले, पण आज पंचगंगेच्या खोऱ्यात दिसणारा ऊस आणि त्यावर उभे असलेले कारखाने यांचा पाया त्या धरणात आहे.

१९०५ नंतर बंगालपासून पुण्यापर्यंत स्वदेशीची चळवळ पेटली होती. परदेशी कापडाच्या होळ्या होत होत्या. शाहू महाराज त्या राजकारणात नव्हते. टिळकांशी त्यांचे मतभेद सर्वश्रुत आहेत. पण स्वदेशीच्या ऐन धामधुमीत त्यांनी गिरणी उभारली हे विसरता येत नाही. विलायती कापड जाळणे एका दिवसाचे काम आहे. देशी कापड विणायला सूत, यंत्र, भांडवल आणि शिकलेला कामगार लागतो. महाराजांनी दुसरा रस्ता धरला.

इथपर्यंतची हकिगत कोणत्याही पुरोगामी संस्थानिकाबद्दल सांगता आली असती. बडोद्याचे सयाजीराव होते, म्हैसूरचे दरबार होते. शाहूंचे वेगळेपण पुढच्या गोष्टीत आहे. पेठ वसवली तर दुकान कोण घालणार, गिरणी काढली तर तिथे हिशेब कोण लिहिणार, कारखाना आला तर साहेब कोण आणि हमाल कोण, हे प्रश्न त्यांनी उद्योगाबरोबरच हाताळले. १८९४ मध्ये संस्थानच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ अधिकारपदांपैकी ६० एकाच जातीकडे होती. अशा ठिकाणी नुसता पैसा ओतला तर तो उताराने ज्या खड्ड्यात जायचा तिथेच जातो. म्हणून २६ जुलै १९०२ चा हुकूम निघाला. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी. त्यात मागासलेले कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. या ‘बाकी सगळ्यां’त मुसलमान होता. तो धर्म म्हणून आत घेतला गेला नव्हता, आणि धर्म म्हणून बाहेरही ठेवला गेला नव्हता. तो मागे राहिला आहे, एवढीच कसोटी लावली गेली. १९१२ पर्यंत त्याच कारभारातील ९५ पदांपैकी पुढारलेल्या त्या जातीकडे ३५ उरली होती. दहा वर्षांत इतका फरक हुकुमाने पडतो, हे आम्ही लक्षात ठेवले पाहिजे.

पण नुसता हुकूम पुरत नाही, जागेवर बसायला शिकलेला माणूस लागतो. त्यासाठी वसतिगृहे निघाली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुसलमान, पुढे लिंगायत, शिंपी, दैवज्ञ आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुसलमानांमध्ये शिक्षणासाठी पुढाकार घेणारे कोणी दिसेना, तेव्हा १९०६ मध्ये महाराजांनी स्वतः समाजातील मंडळींना बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करवली आणि तिचे अध्यक्षपद आपल्याकडे घेतले. दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंगची वास्तू आजही त्याची साक्ष देते. ज्या वर्षी गिरणीची कोनशिला बसली त्याच वर्षी मुसलमानांचे बोर्डिंग निघाले, हा योगायोग असेलही. आम्हाला मात्र ती एकाच धोरणाची दोन चाके वाटतात. एक चाक माल काढणारे आणि दुसरे माणूस घडवणारे.

तिसरे पाऊल १९१८ चे. त्या वर्षी महाराजांनी बलुते पद्धत मोडीत काढली. गावगाड्यात लोहार, सुतार, चांभार, कुंभार यांच्याबरोबर आपला मुलाणीही बलुतेदार होता. बलुत्यात सुरक्षितता होती, पण ती दावणीची. कोणी काय काम करायचे ते जन्माने ठरलेले, मोबदला धान्याच्या सुपात, आणि गाव सोडून जायची मुभा नाही. ज्याला आपले कसब बाजारात नेता येत नाही तो कारागीर कारखानदार कसा होणार? दावे कापले गेले आणि ज्याला जो धंदा जमेल तो त्याने करावा, अशी वाट मोकळी झाली. त्याच सुमारास प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. उद्योग, नोकरी, शिक्षण आणि धंद्याचे स्वातंत्र्य या चार गोष्टी एका राजवटीत एकमेकींना जोडून आल्या. आजच्या सरकारी कागदांवर ही चार खाती चार मंत्रालयांत असतात आणि चौघांची गाठ पडत नाही.

प्रादेशिक भागीदारीचीही उदाहरणे याच काळात सापडतात. दक्षिण महाराष्ट्र तेव्हा लहानमोठ्या संस्थानांनी आणि जहागिरींनी भरलेला होता. औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळरानावर जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच संस्थानात ओगल्यांचा काच कारखाना आला. इचलकरंजीत, नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या जहागिरीत, १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. मिरजेत वाद्ये, कोल्हापुरात गूळ आणि सूत. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले आणि नांगर ओतायला कच्चा माल नाही अशी किर्लोस्करांची अडचण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवायला दिल्या. कारखाना दुसऱ्याच्या राज्यात होता, पण नांगर आपल्या शेतकऱ्याच्या शेतात चालणार होता. सीमेपलीकडच्या कारखान्याला आपली तोफ द्यायला मोठे मन लागते आणि हिशेबही लागतो. महाराजांकडे दोन्ही होते. मिरजेत तलवारीची सतार झाली, इथे तोफेचा नांगर झाला.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले. राजाराम महाराजांच्या काळात लक्ष्मीपुरीची पेठ, बँक, साखर कारखाना, चित्रपटांचे स्टुडिओ असा विस्तार होत राहिला. आणि याच शहरात एक नवी जमात जन्माला आली. जात-धर्माच्या खात्यात न बसणारी. तिचे नाव मिस्त्री. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा पाहून स्वतःचा कॅमेरा तयार केला तो या मिस्त्रीपणाच्या जोरावर. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांनी तेलावर चालणारी इंजिने बनवली. विहिरीवर मोट जाऊन इंजिन आले, इंजिनाला सुटे भाग लागले, सुट्या भागांना ओतकाम लागले, आणि शिवाजी उद्यमनगर गजबजले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये आले. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा वसाहती झाल्या. मोटारींच्या बड्या कंपन्यांना लागणारे ओतीव भाग कोल्हापूर पुरवू लागले.

या सगळ्यात आमचा माणूस कुठे होता? तो भट्टीसमोर होता. मोल्डर, टर्नर, फिटर, वेल्डर, पॅटर्नमेकर म्हणून होता. शिकलगाराच्या नातवाला पोलादाची पारख रक्तातून आली होती. त्याने लेथवर हात बसवायला वेळ लावला नाही. उद्यमनगरच्या कोणत्याही गल्लीत ‘उस्ताद’ म्हणून हाक मारली तर एखादा मुसलमान मिस्त्री मान वर करील. पण गल्लीच्या तोंडावरच्या पाट्या वाचत गेले तर त्याचे नाव फार थोड्या पाट्यांवर दिसते. मराठा, जैन, लिंगायत, ब्राह्मण, गुजराती समाजातील मिस्त्री आणि व्यापारी बघता बघता मालक झाले. आमचा मिस्त्री बहुतांशी मिस्त्रीच राहिला. असे का झाले?

याची कारणे बाहेरची आहेत आणि घरातलीही. बाहेरचे पहिले कारण तारण. शेतजमीन असलेल्या समाजाला कर्जासाठी सातबारा होता. सहकारी चळवळीचा सारा पसारा जमिनीवर आणि उसावर उभा राहिला. शहरी कारागिराकडे जमीन नव्हती. त्याच्याकडे हात होते आणि हाताचा सातबारा निघत नाही. दुसरे कारण ओळख. संचालक मंडळात आपला माणूस असला की अर्ज पुढे सरकतो, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये हेच देशपातळीवर आकड्यांनी मांडले. मुसलमान कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वतःच्या धंद्यावर जगतात. हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के. म्हणजे नोकरीच्या आशेवर न बसता स्वतःच्या हिमतीवर जगणारा हा समाज. आणि बँकांच्या कर्जात मात्र त्याचा वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी. ज्याला भांडवलाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच दारात भांडवल सर्वांत कमी येते.

आता घरातली कारणे. ती बोलायला आम्ही कचरतो, पण बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. व्याजाचा प्रश्न आमच्यापैकी अनेकांनी कधी सोडवलाच नाही. पतसंस्थेचे कर्ज घेणे गुनाह म्हणून टाळले आणि गल्लीतल्या सावकाराकडून दसपट जाचक व्याजाने पैसे उचलले, ही विसंगती घराघरांत आहे. बिनव्याजी कर्जाची, नफा-तोट्यात भागीदारीची परंपरा आपल्या धर्मशास्त्रात आहे. ‘मुदारबा’ म्हणजे एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे कसब यांची भागीदारी. कारागिराला याहून सोयीची व्यवस्था कोणती? पण ती व्यवस्था संस्था म्हणून, हिशेबाच्या वह्यांसह उभी करण्याचे कष्ट आम्ही फार थोड्या ठिकाणी घेतले. दुसरी गोष्ट शाळेची. पोरगा चौदाव्या वर्षी हाताखाली आला की चार पैसे येतात, हा हिशेब तात्पुरता खरा आहे. पण ड्रॉइंग वाचता न येणारा मिस्त्री संगणकावर चालणाऱ्या यंत्रासमोर हमाल ठरतो. महाराजांनी बोर्डिंग बांधून दिले त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. त्या बोर्डिंगच्या दारातून किती शिकलगार, किती पिंजारी, किती मोमीन आत गेले याचा हिशेब समाजानेच मांडायला हवा. तिसरी गोष्ट बिरादऱ्यांची. आम्हीच आमच्यात अशराफ आणि कारागीर अशी उतरंड ठेवली. १९९४ मध्ये महाराष्ट्र शासनाने अनेक मुस्लिम कारागीर जातींना इतर मागासवर्गात घेतले, तेव्हा इस्लाममध्ये जात नाही असे म्हणत विरोध करणारे आमच्यातलेच होते. इस्लाममध्ये जात नाही हे खरे. पण पिंजाऱ्याच्या घरात सोयरीक करताना ती आठवते हेही खरे.

सरकारी धोरणांकडे पुन्हा येऊ. शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. भोंगा थांबला तेव्हा एका कारखान्याबरोबर एक कल्पनाही बंद पडली. राज्याने स्वतः उद्योग उभा करून रोजगार द्यायचा ही कल्पना. त्याच सुमारास नवी कल्पना आली होती समूहाची, म्हणजे क्लस्टरची. एका धंद्यातल्या लहान उद्योजकांनी एकत्र यावे, आपली संस्था करावी, आपला वाटा भरावा आणि उरलेला मोठा भार सरकारने उचलून सर्वांना लागणारी यंत्रणा सामाईक उभी करावी. इचलकरंजीच्या वस्त्रोद्योगाला आणि कोल्हापूरच्या ओतकामाला अशा योजनांचा लाभ झाला. कल्पना शाहूंच्या जातकुळीची आहे, हे आम्ही मान्य करतो. अडचण तिच्या उंबरठ्यावर आहे. वाटा भरायला पैसा, जागेचे कागद, नोंदणी, विवरणपत्रे, प्रकल्प अहवाल. ज्याच्याकडे हे आहे तो समूहात जातो. जो त्याच समूहाचे काम घरच्या पडवीत मजुरीने करतो, तो ‘समूहा’च्या बाहेर राहतो. इचलकरंजीत दुसऱ्याच्या सुताचे कापड मजुरीवर विणून देणारा यंत्रमागधारक काय, त्याच्या मागावर बारा तास उभा राहणारा कामगार काय. २०१६ ची नोटबंदी आणि २०१७ चा वस्तू व सेवा कर यांचा दणका त्यांना आधी बसला, आणि सवलतीच्या यादीत त्यांचे नाव शेवटी आले.

२०२३ च्या सप्टेंबरात ‘पीएम विश्वकर्मा’ योजना आली. कारागिराला प्रशिक्षण, पंधरा हजारांची अवजारे, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाख रुपये, तेही विनातारण. हाताचा सातबारा निघत नाही ही आमची जुनी तक्रार इथे प्रथमच ऐकली गेली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात लोहार, सुतार, सोनार, चर्मकार, गवंडी, शिंपी, न्हावी आहेत. हत्यारे बनवणाराही आहे, म्हणजे जुना शिकलगार आत येतो. पण ज्या शिकलगाराने सतार घडवली तो वाद्यकारागीर यादीत नाही. पिंजारी नाही, रंगारी नाही, कल्हईवाला नाही. विणकरांसाठी वेगळ्या योजना आहेत असे म्हणता येईल. पिंजाऱ्यासाठी कुठे आहे? यादी करणाऱ्याने मुद्दाम कोणाला वगळले असे आम्ही म्हणत नाही. पण सतरंजी अंथरताना कोणाची आठवण होते आणि कोणाची होत नाही, यावरूनच समावेशकतेची परीक्षा होते. १९०२ च्या हुकुमात पुढारलेल्यांची यादी होती आणि बाकी सगळे आत होते. आजच्या योजनांत आत येणाऱ्यांची यादी असते आणि बाकी सगळे बाहेर राहतात. शब्दरचनेतला हा फरक लहान वाटतो, पण कारागिराचे सारे नशीब त्यात आहे.

भौगोलिक मानांकनाच्या बाबतीत मात्र दोन आशादायक गोष्टी घडल्या. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांना मिळून. सीमाप्रश्नावर भांडणारी दोन राज्ये एका चपलेवर एकत्र आली. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील एका बड्या फॅशन कंपनीने तशाच घाटाची चप्पल मिलानमध्ये मिरवली आणि नाव घेतले नाही, तेव्हा या मानांकनामुळेच कोल्हापूरला हक्काने बोलता आले आणि कंपनीला मूळ मान्य करावे लागले. दुसरी गोष्ट मिरजेची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकने मिळाली. फरीदसाहेबांच्या वारसांना पावणेदोनशे वर्षांनी सरकारी शिक्का मिळाला. पण शिक्क्याने पोट भरत नाही. भोपळा पिकवणारा शेतकरी, लाकूड, शिकाऊ मुलांना विद्यावेतन आणि वाद्याला रास्त भाव ही साखळी जोडली गेली नाही तर मानांकनाचे प्रमाणपत्र चौकटीत लटकत राहील आणि सतारमेकराचा मुलगा मोबाईलच्या दुकानात नोकरी करील. त्या नोकरीत कमीपणा नाही, पण त्याच्या हातातली जवारी त्याच्याबरोबर संपेल.

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही औद्योगिक धोरणात लिहिलेली नसते. भागीदारीला भांडवलाच्या आधी भरवसा लागतो. ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून कोल्हापूर बंद झाले, दगडफेक झाली, दुकाने फुटली. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरे फोडली गेली, मशिदीची नासधूस झाली. गडावरच्या अतिक्रमणाशी त्या वाडीचा संबंध नव्हता. या शहरात हे व्हावे याचे दुःख सगळ्याच कोल्हापूरकरांना झाले, आणि शांततेसाठी उभे राहणाऱ्यांत सर्व समाजांची माणसे होती हे आम्ही विसरणार नाही. पण एका दिवसाच्या दंगलीने काय मोडते ते गल्लीतल्या कारागिराला विचारावे. उधारीवर माल देणारा व्यापारी हात आखडता घेतो, भाड्याने गाळा देणारा आडनाव विचारतो, आणि मिस्त्री स्वतःच नवे यंत्र घेण्याचा बेत पुढे ढकलतो. उद्या काय होईल कोणी सांगावे? ज्या मुलखात माणसाला उद्याची खात्री नाही तिथे कोणी लेथ विकत घेत नाही. शाहूंच्या राज्यात मुसलमान कारागिराला श्रीमंती मिळाली नव्हती, पण ही खात्री मिळाली होती.

म्हणून आमचे मागणे कृपेचे नाही, हिशेबाचे आहे. सरकारला देशी कारखानदारी वाढवायची असेल तर या जिल्ह्यातले सर्व कुशल हात मोजावेत. जात, धर्म आणि यादी न पाहता. समूह योजनेत पडवीतल्या मजुराला सभासद करून घ्यावे आणि त्याचा वाटा कर्जाऊ द्यावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्था कारागिरांच्या मोहल्ल्यांजवळ, त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून चालाव्यात. आणि आमच्या बाजूने आम्ही तीन गोष्टी कराव्यात. पोरगा दहावीच्या आत भट्टीवर पाठवायचा नाही. मोहल्ल्याची जकात आणि दानधर्म याचा एक भाग अवजारांवर आणि यंत्रांवर खर्च करायचा. गरिबाला एक दिवस जेवू घालण्याइतकेच पुण्य त्याच्या हातात छिन्नी देण्यात आहे. आणि बिनव्याजी का होईना, पण चोख हिशेबाची, सर्व बिरादऱ्यांना आणि शेजारच्या हिंदू कारागिरालाही खुली अशी पतसंस्था प्रत्येक शहरात उभी करायची.

महाराजांनी तोफ दिली तेव्हा नांगर कोणाच्या शेतात चालेल, हे विचारले नाही. शिकलगाराने धार लावली तेव्हा तलवार कोणाच्या कमरेला लागेल, हे विचारले नाही. या मुलखातील उद्योगाची खरी परंपरा ती आहे, आणि तिचा वाटा मागताना आम्हाला संकोच वाटण्याचे कारण नाही.